‘ॲपल’ म्हणजे सफरचंदच काय?

गेल्या महाशिवरात्रीस आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. त्यांतून निघालेला शब्दार्थाचा वाद अद्यापि मिटलेला नाहीं, म्हणून या महिन्याच्या सदरासाठीं योजिलेला दुसरा विषय बाजूस सारून आम्ही तोच वाचकांपुढें ठेवीत आहों. पूजेचें तबक आवरतांना आमच्या मातुःश्रींच्या ध्यानांत आलें कीं, शंकराला वाहण्यासाठीं आणलेल्या धोत्र्याच्या दोन फळांपैकीं एक नाहींसें झालें आहे. शोधाशोध झाली. अखेरीस आमच्या कनिष्ठ बंधूंच्या चिरंजिवांच्या दप्तरांत तें सांपडलें. चिरंजिवांचें वय वर्षें नऊ. फळ कागदाच्या पुडींत नीट बांधलेलें होतें आणि पुडीवर सुवाच्य अक्षरांत ‘थॉर्न ॲपल’ असें लिहिलेलें होतें.

चौकशी करतां कळलें कीं, शाळेंतून ‘ॲपलचे प्रकार’ या विषयावर एक वही तयार करून आणण्यास सांगितलें आहे. चिरंजिवांनीं कोशांत पाहून ज्या ज्या नांवाच्या शेवटीं ‘ॲपल’ आहे तीं तीं नांवें उतरून काढलीं: कस्टर्ड ॲपल, रोझ ॲपल, वुड ॲपल आणि थॉर्न ॲपल. प्रत्येक नांवापुढें रंग, आकार, हंगाम आणि चव असे चार रकाने आंखलेले. सीताफळ, जाम आणि कवठ यांचे रकाने स्वानुभवानें भरलेले होते. धोत्र्यापुढचा चवीचा रकाना तेवढा रिकामा होता.

तो रिकामा रकाना पाहून घरांतील वडील माणसांच्या अंगावर कांटा आला, हें सांगणें नलगे.

“अरे, विष आहे तें!” मातुःश्री म्हणाल्या. “शंकरानें विष पचविलें, म्हणून त्याला वाहायचें. आपण तोंडाला लावायचें नसतें.”

“पण आजी, हें ॲपल आहे!” चिरंजीव रडकुंडीस येऊन म्हणाले. “आणि ॲपल रोज खात जा, असें तूंच सांगतेस ना?”

या उत्तरानें सर्वच मंडळी क्षणभर निरुत्तर झालीं. मुलाच्या तर्कांत खोट नव्हती. ज्या शब्दावर त्यानें विश्वास टाकला, त्या शब्दाचा इतिहास त्याला कोणीं सांगितला नव्हता, एवढेंच.

धोत्र्याची थोरवी आधीं सांगून टाकतों, म्हणजे ज्या घरांत लहान मुलें आहेत तेथें सावधगिरी बाळगली जाईल. या झाडाचें पान, फूल, फळ, मूळ सर्वच विषारी. बिया तर विशेषच. उत्तर अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत जेम्सटाउन येथें इ. स. १६७६ मध्यें बंड मोडण्यास पाठविलेल्या इंग्रज शिपायांनीं याच कुळांतील झाडाचा कोंवळा पाला भाजी म्हणून शिजवून खाल्ला, आणि त्यापुढें अकरा दिवस ते वेड लागल्यासारखे वागत होते, अशी हकीकत रॉबर्ट बेव्हर्ली यानें १७०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या व्हर्जिनियाच्या इतिहासांत दिली आहे. त्या गांवावरून अमेरिकेंत धोत्र्याला अद्यापि ‘जिम्सन वीड’ म्हणतात. शास्त्रज्ञांनीं मात्र त्याच्या कुळाला ‘दतुरा’ हें नांव दिलें. तो आपला धत्तूर. म्हणजे साहेबाच्या शास्त्रानें आपला शब्द घेतला आणि आपल्या मुलानें साहेबाचा घेतला, व त्यांतला दुसरा व्यवहार आमच्या घरीं जवळजवळ अंगाशीं आला.

आतां मुख्य प्रश्न असा, कीं ज्याच्याशीं सफरचंदाचें कसलेंहि नातें नाहीं त्या कांटेरी विषारी फळाला इंग्रजांनीं ‘ॲपल’ कां म्हणावें? आमच्या कनिष्ठ बंधूंचें मत असें पडलें कीं, हें केवळ इंग्रजांचें अज्ञान. नवें फळ दिसलें कीं त्यांना घरचें सफरचंद आठवे. हें मत सोपें आहे, पण सर्वस्वीं खरें नाहीं. जुन्या इंग्रजींत हा शब्द सफरचंदाला लावीत असत हें खरें. परंतु तो कोणत्याहि फळाला, विशेषतः वाटोळ्या फळाला, तितक्याच मोकळेपणीं लावीत असत. खजुराला त्या काळचे लोक ‘बोटांचें ॲपल’ म्हणत आणि काकडीला ‘भुईचें ॲपल’. सतराव्या शतकापर्यंत हा व्यापक अर्थ थोडाफार चालत आलेला होता. मग ‘फ्रूट’ हा लॅटिनापासून फ्रेंचांच्या मार्फत आलेला शब्द सर्व फळांचा धनी झाला, आणि बिचाऱ्या ‘ॲपल’कडे एकच फळ राहिलें. पण समासांचें घर मोडत नाहीं. मोठा भाऊ वाडा घेऊन बसला तरी धाकट्याचें जुनें सामान कोपऱ्याकोपऱ्यांत सांपडतें, तसा ‘ॲपल’चा जुना अर्थ थॉर्न ॲपल, कस्टर्ड ॲपल अशा जोडशब्दांत पडून राहिला.

हा प्रकार आपणांस नवा वाटण्याचें कारण नाहीं. संस्कृतांतील ‘मृग’ शब्द घ्यावा. आज मृग म्हटलें कीं हरिण डोळ्यांपुढें येतें; पण सिंहाला मृगेंद्र म्हणतात तो कांहीं हरणांचा राजा म्हणून नव्हे, आणि वानराला शाखामृग म्हणतात तो फांदीवरचें हरिण म्हणून नव्हे. मृग म्हणजे पूर्वीं कोणतेंहि रानटी जनावर. त्याची शिकार ती मृगया. पुढें अर्थ आकसला, पण समासांत जुना अर्थ टिकला. आणि मौज अशी कीं, इंग्रजींत हरणाला जो ‘डिअर’ शब्द आहे तोहि मूळचा ‘जनावर’ या अर्थाचा. जर्मन भाषेंत त्याचाच भाऊबंद ‘टीअर’ अजून जनावरालाच लावतात. एकमेकांस न विचारतां दोन दूरच्या भाषांनीं एकाच प्राण्यावर येऊन थांबावें, हें आम्हांस मोठें नवल वाटतें. याच्या उलटहि घडतें. तेल म्हणजे मुळांत तिळाचें. आज आपण खोबऱ्याचें तेल, करडईचें तेल असें बेधडक म्हणतों, आणि ‘तिळाचें तेल’ म्हणतांना तर आपण एकच गोष्ट दोनदां सांगत असतों. इंग्रजांचें ‘ऑइल’ याच रीतीनें ऑलिव्हच्या फळापासून निघालें.

घरांतील मंडळींना आम्हीं हें समजावून दिलें, तेव्हां आमच्या वहिनींनीं एक गोष्ट दाखवून दिली जी आमच्या ध्यानांत आली नव्हती. त्या दिवशींच्या फराळाच्या पानांत कवठाची चटणी होती; कवठ तें वुड ॲपल, गणपतीच्या श्लोकांतील कपित्थ तें हेंच. पूजेंत बेल होता. बेलफळाला इंग्रजींत स्टोन ॲपल असेंहि म्हणतात. आणि धोत्रा तर होताच. म्हणजे एका महाशिवरात्रींत तीन ‘ॲपलें’, आणि खरें सफरचंद घरांत एकहि नव्हतें. “आणि बटाटा?” आमचे बंधू म्हणाले. बटाट्यालाहि ही उपाधि मिळालेली आहेच. डच लोक त्याला ‘आर्डॲपल’ म्हणतात, फ्रेंच लोक ‘पॉम द तेर’. दोहोंचा अर्थ भुईचें सफरचंद. आपण मात्र पोर्तुगिजांचा ‘बटाटा’ जसाच्या तसा उचलला. फराळ हा शब्द फलाहारापासून निघाला असून त्यांत फळ अभावानेंच आढळतें, अशी तक्रार करणाऱ्यांनीं निदान बटाट्यापुरती तरी ही फ्रेंच साक्ष मान्य करावी. साबुदाण्याचा बचाव मात्र आम्हांस करतां येणार नाहीं. तो एका कंदाच्या पिठाचा असतो.

टोमॅटोची गत अशीच. इटलींत तो ‘पोमोदोरो’, म्हणजे सोन्याचें फळ. जुन्या इंग्रजी पुस्तकांतून तो ‘लव्ह ॲपल’. संत्र्याला डच भाषेंत ‘सिनासॲपल’ म्हणजे चिनी ॲपल म्हणतात. अननसाची कथा याहून गमतीची. ‘पाइनॲपल’ हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजींत आढळतो, तेव्हां तर अमेरिका खंडाचा पत्ताहि युरोपास नव्हता! तो शब्द पाइन नांवाच्या सूचिपर्णी झाडाच्या फळाचा, ज्याला आज ‘पाइन कोन’ म्हणतात. सतराव्या शतकांत अननस पाहिल्यावर त्याची खवल्याखवल्यांची साल त्या फळासारखी दिसली आणि नांव इकडून तिकडे गेलें. दक्षिण अमेरिकेंतील मूळच्या लोकांचा ‘नानस’ हा शब्द पोर्तुगिजांनीं उचलला, त्यांच्याबरोबर तो आपल्याकडे आला, आणि युरोपांतील बहुतेक भाषांतहि तोच चालतो. इंग्रज तेवढे वेगळे राहिले.

पण इंग्रजांना हंसण्यापूर्वीं आपल्या अंगणाकडे पाहावें. सीताफळ हें बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मतें अमेरिकेंतून आलेलें फळ. आपण त्याला सीतेचें नांव देऊन वनवासांत नेऊन ठेवलें आणि त्याच्या भावंडाला रामफळ म्हटलें. तसेंच बाळाच्या गुटींत उगाळलें जाणारें मायफळ. तें मुळीं फळच नव्हे! ओक जातीच्या झाडावर एक लहानसा कीटक अंडें घालतो, त्या जागीं झाडाच्या अंगावर गांठ धरते, ती ही वस्तु. अशाच गांठींना इंग्रजींत ‘ओक ॲपल’ असें नांव आहे. येथें मात्र मराठी आणि इंग्रजी एकाच खड्ड्यांत पडलेल्या दिसतात.

‘ॲपल’नें सर्वांत मोठा घोटाळा केला तो धर्मग्रंथांत. आदम आणि हव्वा यांनीं निषिद्ध फळ खाल्लें ही कथा सर्वांस ठाऊक आहे, आणि तें फळ सफरचंद होतें असेंहि जो तो समजतो. मूळ इब्री ग्रंथांत ‘पेरी’ एवढाच शब्द आहे; त्याचा अर्थ फळ. कोणतें, तें सांगितलेलेंच नाहीं. ताल्मूद ग्रंथांत यहुदी पंडितांनीं द्राक्ष, अंजीर आणि गहूं अशीं तीन मतें नोंदलीं. सफरचंद त्यांत नाहीं. रोममधील सिस्टाइन देवालयाच्या छतावर मायकेलँजेलोनें १५०८ ते १५१२ या काळांत जें चित्र काढलें त्यांतील झाड अंजिराचें आहे. पण त्याच सुमारास, १५०४ सालीं, जर्मन चित्रकार ड्यूरर यानें आपल्या ताम्रपटांत सफरचंदाला जागा दिली. हा बदल कां झाला याचें एक चटकदार कारण आजवर सांगत आले: लॅटिनांत ‘मालुम’ म्हणजे वाईट, आणि पहिला स्वर लांबविला कीं त्याच शब्दाचा अर्थ सफरचंद, त्या श्लेषांतून ही समजूत निघाली. अझ्झान यादिन-इझ्राएल या पंडितानें २०२२ सालच्या आपल्या पुस्तकांत या कारणाला धक्का दिला आहे. त्याच्या मतें दोष लॅटिनाचा नसून जुन्या फ्रेंचांतील ‘पॉम’ या शब्दाचा. हा शब्द प्रथम सर्व फळांचा होता, पुढें तो एका सफरचंदापुरता आकसला. वाचणारांचा अर्थ बदलला, पण कथेंतील शब्द तोच राहिला, आणि चित्रकारांनीं नवा अर्थ रंगवला. आम्हांस हें कारण अधिक पटतें, कारण ‘ॲपल’ आणि ‘मृग’ यांची वाट हीच आहे. श्लेष पंडितांना सुचतात. अर्थाचें आकसणें मात्र सगळ्या गांवाच्या तोंडीं घडतें. असो. त्या कथेवरून पुरुषाच्या गळ्यावरील उंचवट्याला ‘आदमचें ॲपल’ म्हणतात. घास तेथें अडकला अशी कल्पना. आपल्या भाषेनें त्यालाच कंठमणी म्हटलें. एकीनें गळ्यांत पाप अडकवलें, दुसरीनें दागिना घातला.

याच संदर्भांत डोळ्याची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण भाषांतर करणारांचे पाय येथें हमखास घसरतात. एका भाषांतरित कथेंत ‘तो आजोबांच्या डोळ्यांतील सफरचंद होता’ असें वाक्य आमच्या वाचनांत आलें, आणि त्या आजोबांच्या दृष्टीविषयीं आम्हांस काळजी वाटूं लागली. इंग्रजींत ‘डोळ्याचें ॲपल’ म्हणजे डोळ्याच्या मध्यावरील काळी बाहुली. अत्यंत जपावी अशी वस्तु, म्हणून अत्यंत लाडकें माणूस. नवव्या शतकांत आल्फ्रेड राजाच्या भाषांतरांतहि हा शब्द या अर्थानें आढळतो. बाहुली म्हणजे एक भरीव गोळी अशी तेव्हांची समजूत होती, आणि वाटोळें तें ॲपल ही त्यांची रीत. जर्मन भाषेंत सबंध नेत्रगोलालाच ‘औगआप्फेल’ म्हणतात. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत हा प्रयोग आला आणि तेथून तो सर्वतोमुखीं झाला. पण त्या जागीं मूळ इब्रींत जो ‘ईशोन’ शब्द आहे त्याचा अर्थ ‘लहानसा माणूस’ असा करतात. लॅटिनांतील ‘पुपिल्ला’ म्हणजे लहान मुलगी किंवा बाहुली. आपल्या संस्कृतांत कनीनिका, तीहि लहान मुलगीच. आणि मराठींत तर सरळ बाहुली. कोणाच्याहि डोळ्यांत जवळून पाहिलें असतां तेथें आपलीच चिमुकली मूर्ति दिसते, म्हणून हें नांव. इब्री, लॅटिन, संस्कृत, मराठी या सर्वांना डोळ्यांत माणूस दिसला. इंग्रजाला तेवढें फळ दिसलें! तेव्हां भाषांतरकारानें सफरचंद सोडून बाहुली धरावी. ‘डोळ्यांतील बाहुलीप्रमाणें जपलें’ हा आपला प्रयोग मूळ इब्रीला इंग्रजीहून अधिक जवळचा आहे.

येथें धोत्रा पुन्हां आडवा येतो. त्याच्या विषांतील एक अंश ॲट्रोपीन. डोळे तपासतांना बाहुली मोठी करण्यासाठीं वैद्य लोक ज्या औषधांचे थेंब घालतात त्यांतलें हें एक. धोत्र्याची बाधा झालेल्या माणसाच्या बाहुल्या अशाच विस्फारतात. आमच्या चिरंजिवांना ही माहिती फार आवडली. त्यांच्या मातुःश्रींना मुळींच आवडली नाहीं.

सडक्या ॲपलचा प्रयोग अलीकडे वर्तमानपत्रांतून फार दिसतो. चौदाव्या शतकांत चॉसर कवीच्या काळींहि ही म्हण प्रचारांत होती: एक सडकें फळ वेळींच काढलें नाहीं तर सगळा सांठा नासतो. आपली नासक्या आंब्याची आणि अढीची म्हण अगदीं हीच. यांत शास्त्रहि आहे. पिकलेलें व बिघडलेलें फळ इथिलीन नांवाचा वायु सोडतें आणि त्यानें शेजारचीं फळें लवकर पिकून उतरतात. पण आज इंग्रजींत एखाद्या खात्यांत गैरप्रकार उघडकीस आला कीं वरिष्ठ सांगतात, “हीं दोन-चार सडकीं ॲपलें, बाकी सर्व निर्मळ.” म्हणीचा अर्थ नेमका उलटा झाला! ज्या शब्दांनीं पूर्वीं टोपली तपासण्याचा इशारा दिला जाई, तेच शब्द आतां टोपलीवर झांकण घालण्यास उपयोगी पडतात. मराठी वर्तमानपत्रांनीं या नव्या अर्थाचें भाषांतर करूं नये अशी आमची विनंती आहे. आमच्या घरांत अढी लावणाऱ्या कोणत्याहि बाईला तो पटणार नाहीं.

न्यूयॉर्क शहराला ‘मोठें ॲपल’ कां म्हणतात, आणि १९७६ सालीं निघालेल्या गणकयंत्रांच्या कंपनीनें हेंच नांव कां घेतलें, याविषयीं मुलांनीं प्रश्न विचारले. पण तीं अलीकडचीं बारशीं आहेत, त्यांत शब्दाच्या अर्थाची वाढ नाहीं.

आतां आपल्या ‘सफरचंदा’विषयीं. आमच्या लहानपणीं ‘ए’ म्हटलें कीं ‘ॲपल’ हें तोंडपाठ असे. इंग्रज मुलांना ‘ए’ अक्षर सफरचंदाच्या पक्वान्नावरून शिकवण्याची रीत १६७१ च्या आधींपासूनची, ती आपल्याकडे चित्रासह आली. फळ मात्र आमच्या घरीं आजाऱ्याच्या उशाशीं तेवढें दिसे. कुलूच्या खोऱ्यांत १८७० च्या सुमारास कॅप्टन ली यानें बाग लावली, आणि सिमल्याजवळ कोटगड येथें सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थानें १९१६ च्या सुमारास तांबड्या गोड जातीचीं झाडें आणलीं. पण तेथून दक्षिणेंत येईपर्यंत तें महागच पडे. काश्मिरांतील फळाचीहि तीच तऱ्हा. गुजरातींत याला सफरजन म्हणतात. अरबींत ‘सफरजल’ असा शब्द आहे, पण तो सफरचंदाचा नव्हे. तें क्विन्स नांवाचें निराळेंच फळ. या तिन्ही शब्दांतील साम्य डोळ्यांत भरण्याजोगें आहे. प्रवास करणारा चंद्र वगैरे ज्या व्युत्पत्ति ऐकूं येतात त्या आमच्या मतें मुलांना झोपवण्यापुरत्या ठीक. उलट बाजूनें पाहिलें तर प्राचीन ग्रीक लोक त्याच क्विन्सला ‘किडोनियाचें सफरचंद’ म्हणत. म्हणजे हीं दोन फळें फार पूर्वींपासून एकमेकांचीं नांवें वापरीत आलीं आहेत, आणि ‘ॲपल’ शब्दाचा ढिलेपणा दाखवणारें आपलें सफरचंद स्वतःहि दुसऱ्याच्याच कपड्यांत वावरत असावें.

चिरंजिवांची वही दुसरे दिवशीं शाळेंत गेली. धोत्र्याच्या पानावर चवीच्या रकान्यांत त्यांनीं आजीच्या सांगण्यावरून ‘विष’ असें लिहिलें होतें. चार दिवसांनीं वही परत आली, तेव्हां सीताफळ, जाम आणि कवठ यांपुढें बरोबरची खूण होती, आणि धोत्र्याच्या पानावर तांबड्या शाईनें आडवी रेघ मारून ‘हें ॲपल नव्हे’ असा शेरा दिलेला होता. आमचें म्हणणें असें कीं, सफरचंद हाच अर्थ धरावयाचा तर चारहि चूक. फळ हा जुना अर्थ धरावयाचा तर चारहि बरोबर. तीन बरोबर आणि एक चूक हें कोणत्याहि कोशाच्या आधारें बसत नाहीं. त्याप्रमाणें आम्हीं शिक्षिकाबाईंना एक सविनय पत्र लिहून वहीबरोबर पाठविलें आहे, आणि धोत्र्याचें पान फाडूं नये अशी विनंती केली आहे, कारण इतर मुलांनीं तो रकाना वाचणें आम्हांस अगत्याचें वाटतें. हें लिहीपर्यंत उत्तर आलेलें नाहीं. वहीहि शाळेंतच आहे.